वामनरावांचा नमस्कार

वामनराव गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मांडीवर नवा कोरा स्टार्टर होता. बारशाच्या बाळासारखा जुन्या टॉवेलात गुंडाळून मी तो रिक्षातून घरी आणत होतो आणि दुसऱ्या दिवशीचं दृश्य मनात रंगवत होतो. मी वामनरावांच्या अंगणात जाणार, त्यांच्या डोळ्यांदेखत पिकअपखाली शिरणार, जुना स्टार्टर उतरवून हा चढवणार, आणि किल्ली फिरवताच गाडी अशी गर्जना करणार की चामुंडी टेकडीवरच्या दगडी नंदीनं मान वळवून बघावं. मग हात पुसत मी म्हणणार होतो, ‘काय वामनराव, नमस्कार न करता चालू झाली की हो.’ हे वाक्य मी कितीतरी दिवस घोटून ठेवलं होतं, आंघोळ करताना म्हणून बघत होतो. आणि रिक्षा सर्कलला वळत असतानाच माझ्या बायकोचा, सुधाचा, फोन आला. अक्काचे यजमान दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत... अशा वेळी म्हणे माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. माझ्या तोंडून निघालं, “शेवटी चुकवलंच म्हाताऱ्यानं.” रिक्षावाल्याला मराठी येत नव्हतं म्हणून बरं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं असं या पुरवणीच्या संपादकांनी मला फोनवर हळुवार आवाजात सुचवलं. मी हो म्हटलं. त्यांनी ते खरं मानलं, याला माझा इलाज नाही. मी हा लेख सूड घ्यायला लिहितो आहे. वामनराव माझे साडू. सुधाच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, मी बेळगोळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. आमची दोघांचीही घराणी म्हैसुरात इतकी जुनी की घरातलं मराठी अर्धं कानडी झालेलं. भांडताना ते उरलेलं अर्धंही कानडी होई. ते मला दिनकरराव अशी नावानं कधी हाक मारत नसत. मी धाकटा जावई म्हणून ‘धाकटे’. आणि आम्ही एकमेकांना कायम अहो-जाहो करत असू. ‘तुम्ही गाढव आहात’ या वाक्यात ‘तुम्ही’ किती बोचतं, हे अरे-तुरे करणाऱ्यांना कळायचं नाही.

आमच्या वैराचं मूळ म्हणजे सासऱ्यांची पिकअप. सासरे, म्हणजे अप्पा, लग्नकार्यांना पातेली, खुर्च्या, सतरंज्या भाड्यानं द्यायचे, आणि ती सगळी या गाडीतून जायची. तिचा मूळ रंग निळा की हिरवा याबद्दल घराण्यात दोन पक्ष आहेत. तिच्या मागच्या फळ्यांत अजून लग्नाच्या सांबाराचा वास आहे. उन्हाळ्यात तो इतका सुटतो की गल्लीतली कुत्री पंगतीला बसावीत तशी ओळीनं येऊन बसतात. अप्पांनी जाताना सगळ्यांसमक्ष सांगितलं, गाडी दोन्ही जावयांची, भांडू नका. दोन साडवांना एक गाडी देऊन भांडू नका म्हणणारा माणूस भोळा तरी असतो किंवा महा खट्याळ. अप्पा भोळे नव्हते. गाडी राहिली वामनरावांच्या अंगणात, कारण अंगण त्यांना होतं. किल्ली खुंटीला, कुणीही घ्यावी.

पहिली ठिणगी पडली एका आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी. म्हैसुरात त्या दिवशी सायकलीपासून क्रेनपर्यंत प्रत्येक यंत्राला आंघोळ, हळदकुंकू आणि शेवंतीची माळ असते. गाडीवरून कोहळा ओवाळून फोडायचा, चारी चाकांखाली लिंबं ठेवायची, आणि गाडी चालू करून ती लिंबं चिरडत पुढे न्यायची. लिंबं चिरडली नाहीत तर वर्ष वाईट जातं म्हणतात. वामनराव असलं काही मानणारे नव्हते. देवळाबाहेर चपला सांभाळत उभे राहण्यातच त्यांची भक्ती संपे. पण सोवळं नेसून ड्रायव्हरच्या जागेवर बसायला मात्र त्यांना फार आवडे. त्या वर्षी सगळी गल्ली बघत असताना त्यांनी ऐटीत किल्ली फिरवली आणि गाडी म्हणाली, ‘टक’. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक’. वामनराव म्हणाले, बॅटरी. मी म्हटलं, दिवे लावून बघा. दिवे असे लखलखले की राजवाड्याची रोषणाई फिकी पडावी. किल्ली फिरवतानाही ते मंदावले नाहीत. मी म्हटलं, बॅटरी ठणठणीत आहे, करंट स्टार्टरपर्यंत जातोय म्हणूनच ‘टक’ होतंय, आतले कार्बन अडकलेत. वामनरावांनी मला व्होल्टेज म्हणजे काय यावर तिथेच, सोवळ्यात, व्याख्यान दिलं. शेजारच्यांच्या गाडीची बॅटरी सोडवून आणली, बसवली. ‘टक’.

मग मी अक्काच्या स्वयंपाकघरात गेलो, खलबत्त्यातला पितळी बत्ता उचलला, धोतराचा काचा मारून गाडीखाली सरपटलो आणि स्टार्टरच्या अंगावर दोन ठोके घातले. असे ठोके की राजवाड्यावरची कबुतरं उडाली ती श्रीरंगपट्टणला जाऊन बसली. वर ओरडून सांगितलं, आता फिरवा. गाडी चालू. लिंबं फच्च. सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या, त्या माझ्यासाठी; वामनराव गाडीत बसून टाळ्यांच्या विरुद्ध दिशेला बघत होते.

पुढे कार्बन बदलून घेतले, विषय तिथेच संपायचा. पण मी तो संपवला नाही, आणि त्याबद्दल मला आजही तिळमात्र खंत नाही. बारसं, मुंज, साखरपुडा, जिथे चार मराठी माणसं दिसली तिथे मी ती गोष्ट सांगितली. तिसऱ्या खेपेला शेजारच्या बॅटरीच्या चार बॅटऱ्या झाल्या. सहाव्या खेपेला वामनरावांचं सोवळं फॅनबेल्टमध्ये अडकलं. वरुणा गावातल्या एका लग्नात तर मी, पंगत बसलेली असताना, खुर्चीचा स्टार्टर आणि डावाचा बत्ता करून सगळा प्रयोग लावला. वाढपी वाढायचे थांबले. वामनराव समोरच्याच पानावर होते. त्यांनी शांतपणे भात कालवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आत्ता कळतं, ते तेव्हा मोजमाप घेत होते.

त्यानंतर गाडीत गणपती आला. पितळेचा, वीतभर, डॅशबोर्डच्या अगदी खालच्या बाजूला, गिअरच्या दांड्याजवळ बसवलेला. वामनरावांनी स्वतः बसवला. अक्कानं तर देवासमोर साखर ठेवली. तिला वाटलं यजमानांना उशिरा का होईना बुद्धी झाली. गाडी चालू करायच्या आधी ते वाकत, डावा हात गणपतीच्या पायांवर ठेवत, डोळे मिटत आणि उजव्या हातानं किल्ली फिरवत. मी खूप टिंगल केली. त्यांनी उत्तर दिलं नाही. इतक्या वर्षांच्या ओळखीचा नास्तिक उत्तर न देता टिंगल सोसतो, तेव्हाच मला वास यायला हवा होता. पण विजयाच्या धुंदीत नाक चोंदतं.

पुढच्या आयुधपूजेला वामनराव सगळ्यांसमक्ष म्हणाले, “यंदा मान धाकट्यांचा.” मी छाती काढून बसलो, किल्ली फिरवली. ‘टक’सुद्धा नाही. दिवे लागताहेत, हॉर्न वाजतोय, पण किल्लीला गाडी ढिम्म. मी ताबडतोब निदान केलं, स्टार्टर. बत्ता मागवला, खाली शिरलो, ठोके घातले. वामनराव वर बसून किल्ली फिरवत होते आणि ‘नाही हो, नाही,’ असं अत्यंत सहानुभूतीनं कळवत होते. माझी पाठ काळी झाली, कोपर सोलवटलं. शेवटी ते म्हणाले, “या बाहेर. मी जरा नमस्कार करून बघतो.” वाकले, पायांवर हात ठेवला, किल्ली फिरवली. गाडी अशी चालू झाली की जणू दारात वाटच बघत होती. मग त्यांनी माळ घातलेल्या बॉनेटला टेकून गल्लीला सांगितलं, “धाकट्यांनी बत्ता मारला, मी पाय धरले. गाडीला काय पटलं ते तुम्ही बघितलंत.”

एवढ्यावर थांबतील ते वामनराव कसले. त्यानंतर मी एकटा गाडी घ्यायला गेलो की गाडी मुकी. ठोके घालून घालून त्या बत्त्याला पोचे पडले. अक्काची चटणी जाडीभरडी व्हायला लागली. एकदा चौघांना धरून ढकलस्टार्ट केली, तर येलवालला नारळ भरायला थांबलो तिथे ती पुन्हा मुकी झाली, आणि नारळवाल्याच्या माणसांनी मला हमरस्त्यावर ढकलत आणलं. बस थांबवून लोक बघत होते. तेव्हापासून गाडी हवी असली की वामनरावांना बरोबर घ्यावं लागे. नारळाला येलवाल, तांदळाला वरुणा, कुणाचं सामान हलवायला आणखी कुठे... ते शेजारी बसत, मी स्टिअरिंगवर, आणि दर थांब्यावर ते माझ्या बाजूला वाकून गणपतीचे पाय धरत. कितीदा म्हणाले, “तुम्हीही धरून बघा, धाकटे. पाय धरायला लाज कसली?” मी म्हटलं, मी मेंटेनन्सचा माणूस आहे, गाडीच्या पाया पडणार नाही, मेलो तरी नाही. हे ऐकून ते इतके प्रसन्न हसत की मला वाटे, हरल्याचं हसताहेत.

मेकॅनिक बोलावला तर तो येईपर्यंत वामनराव अंगणात हजर. गाडी पहिल्या झटक्यात चालू. मेकॅनिक माझ्याकडे बघे, वामनराव आभाळाकडे. म्हणून मी शेवटी ठरवलं, स्टार्टरच बदलून टाकायचा. नवा आणला. बाकीचं सुरुवातीला सांगितलंच आहे. चुकवलं म्हाताऱ्यानं.

दिवस झाले, पाहुणे पांगले. वामनरावांचा मुलगा सतीश बेंगळूरला असतो, मोठ्या कंपनीत आहे, गोड बोलतो. त्यानं गोड आवाजातच सांगितलं की दसऱ्याच्या दिवशी भंगारवाला येऊन पिकअप घेऊन जाईल, अंगण मोकळं होईल, आईला तुळस लावता येईल. मी म्हटलं, अर्धी गाडी माझी आहे. तो म्हणाला, “काका, चालू तर होत नाही ती. स्टक आहे.” तेवढ्यात अक्का आतून आली. मी तिला इतक्या करड्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, “आयुधपूजेच्या दिवशी दिनकररावांनी चालू केली तर त्यांची. नाही झाली तर भंगारात. साकु आता, बंद करा हे.” साकु म्हणजे पुरे. अक्कानं साकु म्हटल्यावर त्या घरात घड्याळसुद्धा वाजत नाही.

यंदा त्यांच्याकडे सण नव्हता. माळ नाही, कोहळा नाही. पण मी चार लिंबं खिशात घालून गेलो आणि चाकांखाली ठेवली. अक्का पायरीवर कोथिंबीर निवडत बसली. सतीश फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होता. मी किल्ली फिरवली. मुकी. बत्ता घेतला, खाली गेलो, ठोकले... आणि तिथे उताणा पडलेला असताना मला पहिल्यांदाच जाणवलं की वर किल्ली फिरवायला कुणी नाही. ‘नाही हो, नाही,’ म्हणायला कुणी नाही. फार संताप आला. एवढा की मी बत्ता फेकून दिला आणि कारखान्यात जे करायचो ते अनेक वर्षांत पहिल्यांदा केलं. म्हणजे रागावर औषध म्हणून क्रमानं तपासलं.

बॅटरीची टोकं घासली. इंजिनाला गेलेली अर्थिंगची पट्टी घट्ट केली. किल्ली बंद ठेवली, गिअर न्यूट्रलला असल्याची खात्री केली आणि स्टार्टरवरच्या दोन टोकांना जाड स्क्रूड्रायव्हर टेकवला. ठिणगी उडाली आणि स्टार्टरनं इंजिन गरागरा फिरवलं. मी हात काढला. पुन्हा टेकवला. पुन्हा गरागरा. स्टार्टर धडधाकट. ज्याला मी वर्षानुवर्षं बत्त्यानं बडवलं, ज्याच्या जागी नवा आणून घरात ठेवला, तो बिचारा निर्दोष. किल्ली चालू ठेवून हाच प्रयोग केला असता तर गाडीही चालू झाली असती, पण ती चोरांची रीत; मला किल्लीनंच चालू करायची होती, सतीशच्या नाकासमोर. मग टेस्ट लॅम्प लावला. किल्ली फिरवली की स्टार्टरकडे येणाऱ्या बारीक वायरीत करंट यायला हवा. दिवा लागला नाही. म्हणजे किल्ली आणि स्टार्टर यांच्यामध्ये कुठेतरी वाट तुटली होती. मी वायर धरून वर वर गेलो, गाडीत शिरलो, सीटवर उलटा झोपलो, डॅशबोर्डखाली डोकं घातलं. वायर मध्येच कापून बाजूला नेली होती. काळ्या टेपनं गुंडाळलेली, प्रयोगशाळेत असते तशी नेटकी, कोपरे मुडपलेली. आमच्या गाडीत एवढी नेटकी गोष्ट एकही नव्हती. ती एका रिलेच्या डबीत शिरत होती आणि तिथून वर... गणपतीच्या पायांखाली.

मी हळूच पाय दाबले. ते खाली गेले. आत जुन्या स्कूटरच्या हॉर्नचं बटण होतं. बटण दाबून किल्ली फिरवली तरच गाडी चालू. आणि ते बसवलं होतं इतकं खाली की मान वाकवल्याशिवाय हात पोचू नये. माझी मान वाकणार नाही, यावर वामनरावांनी सगळा डाव लावला होता. मी कधीही, टिंगलीतसुद्धा, ते पाय धरणार नाही, याची त्यांना माझ्याहून जास्त खात्री होती.

मी वाकलो. डावा हात पायांवर ठेवला. गाडी चालू झाली, आणि येलवालपर्यंत ऐकू जावी इतकी झाली. सतीशच्या हातातला फोन कानापासून खाली आला. अक्का कोथिंबीर बाजूला ठेवून खिडकीशी आली.

“सापडलं का?”

मी मान डोलावली.

“यांनी सांगून ठेवलंय. मी काही बोलायचं नाही. तुम्हाला सापडलं की एवढंच सांगायचं.” तिनं पदर सारखा केला, आणि अगदी त्यांच्याच आवाजात म्हणाली, “फारच वेळ लावलात, धाकटे.”

याला सूड म्हणतात. मी जन्मभर सुडाच्या बढाया मारत आलो, पण असा कसबी सूड मी तरी दुसरा पाहिला नाही. उत्तर माझ्या जिभेवर होतं. दहा उत्तरं होती, एकाहून एक झोंबणारी. आणि द्यायची कुणाला? मी पहिला गिअर टाकला, लिंबं चिरडली, आणि तसाच येलवालला गेलो. एकटा. सवयीनं नारळवाल्याकडे थांबलो आणि इंजिन बंद केलं. नारळवाल्यानं शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहून विचारलं, “मेष्ट्रु बरलिल्लवा?” मास्तर आले नाहीत का? खरं सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. म्हटलं, आलेत की, गाडीतच आहेत. तो हसला, माझी थट्टा आहे असं समजला. निघताना मी वाकलो तेव्हा दिसलं, गणपतीचं सगळं अंग हिरवट पडलंय, पाय तेवढे वामनरावांच्या बोटांनी सोन्यासारखे पिवळे झालेत.

आता उरला सतीश. गाडी चालू झालेली बघितल्यावर त्याला तिची एकदम माया आली. आता म्हणतो, जुनी गाडी आहे, क्लासिक आहे, बेंगळूरला नेतो, मित्रांना दाखवतो. अक्कानं शब्द दिलाय, गाडी माझी आहे, पण मी म्हटलं, ने ना बाबा, तुझ्याच वडिलांची. चालू होत असेल तर घेऊन जा. किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. गेल्या महिन्यात तो दोनदा आला आणि किल्ली पुन्हा खुंटीला लावून गेला. दोन्हीदा मी त्याला वडिलांसारखा नमस्कार करून बघ असं प्रेमानं सुचवलं. तो म्हणाला, काका, प्लीज, हे असलं मी करत नाही. शेवटचं पाहिलं तेव्हा शर्ट काढून गाडीखाली होता, हातात अक्काचा बत्ता होता. मी वर बसून किल्ली फिरवत होतो आणि ‘नाही रे, नाही,’ असं अत्यंत सहानुभूतीनं कळवत होतो. अक्का पायरीवर होती. ती काही बोलायची नाही.

हे असं छापून आणल्यावर त्याला कळेल, अशी भीती कुणाला वाटत असेल तर सांगतो. सतीशला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. वामनराव त्याला अक्षरं शिकवायचं म्हणायचे, त्यांचं राहून गेलं. ज्या वाचकांची त्याच्याशी ओळख असेल त्यांनी कृपा करून गप्प बसावं.

आणि ते बटण मी काढणार आहे. निदान वर तरी घेणार आहे, म्हणजे त्या म्हाताऱ्यापुढे रोज मान खाली घालायला नको. पान्हा सीटवरच ठेवलाय, वामनराव बसायचे त्या सीटवर. दर वेळी गाडीत बसलो की आधी तो हातात घेतो. मग वाकून जागा नीट बघतो, बघता बघता हात त्या पिवळ्या पायांवर जातो... आणि एकदा गाडी चालू झाल्यावर ती बंद करून बटण काढत बसायला वेळ कुणाला आहे? मी नमस्कार मात्र करत नाही. वाकलेला असतो तेवढ्यात तोंडातल्या तोंडात त्यांना एक सणसणीत शिवी देतो, अहो-जाहो घालून. मगच किल्ली फिरवतो.